सुम्ने म्हणजे उगंच

संतपूरच्या फाट्यावर बिदरची बस यायला वेळ होता, तरी अप्पांनी सायकल स्टँडला लावली नाही. हँडल धरून तसेच उभे राहिले. बस आलीच नाही तर पोरीला लगेच परत नेता येईल, असा काहीतरी हिशोब असावा. आमच्या वाडीपासून फाटा सहा किलोमीटर. तेवढं अंतर मी त्यांच्या मागं कॅरियरवर बसून आले होते. मांडीवर कपड्यांची पिशवी, पिशवीत मायनं बांधून दिलेल्या भाकरी, अजून गरम. लग्नाला चार महिने झाले होते. आमचे मालक म्हैसूरला फरशी घासायच्या कामावर होते, ते मला न्यायला बिदरच्या स्टेशनापर्यंत येऊन थांबले होते.

बस लांबून दिसली तेव्हा अप्पांनी विचारलं, "कवा येणार?"

आमच्या घरात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणाऱ्याला तीन प्रश्न असत. कुठं? कामून? कवा येणार? शेताला निघालं तरी, शेजारी विरजण मागायला निघालं तरी. आमचे आजोबा मेंढरं घेऊन सहा सहा महिने रानोमाळ असायचे, ते कुठं आहेत आणि कधी येतील हे घरात कुणालाच माहीत नसायचं. अप्पांचं लहानपण त्या वाट बघण्यात गेलं. मेंढरं विकून त्यांनी शेती धरली ती बहुतेक ह्याच कारणानं, की घरातलं माणूस संध्याकाळी घरात दिसावं. म्हणून ते विचारायचे, आणि तिन्हीची उत्तरं दिल्याशिवाय आम्ही कुठं गेलो नाही.

त्या दिवशी कुठं आणि कामून सगळ्या वाडीला ठाऊक होतं. कवा ते मलाच ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "पंचमीला येते." बस हलली. अप्पा सायकल धरून रस्त्याच्या कडेला लहान लहान होत गेले. ती पंचमी यायला चार वर्षं लागली.

हे मी लिहायला बसलेय ते वाडीतल्या माझ्या मैत्रिणींसाठी, आणि माझ्यासारख्या ज्या बंगळूर, पुणे, हैदराबाद अशा पांगल्या त्यांच्यासाठी. माझं शिक्षण सातवी, तेही मराठी शाळेत, तेव्हा कुठं चुकलं तर पदरात घ्या.

सातवीच का, ते तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. आपल्या वाडीची शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल संतपूरला, तेच सहा किलोमीटर. त्या काळात आठवीत नाव घातलेल्या पोरापोरींना सरकारकडून सायकल मिळायची. अप्पा हायस्कूलच्या गुरुजींना म्हणाले, "आधी सायकल येऊ द्या, मग नाव घालतो. सायकलीबिगर पोर येणार कशी?" गुरुजी म्हणाले, "आधी नाव घाला, मग सायकल येईल. नावच न्हाई तर सायकल देऊ कुणाला?" मी अप्पांच्या मागं उभी राहून दोघांची तोंडं बघत होते. दोघंही खरंच बोलत होते. दोघांनीही एक पाऊल मागं घेतलं नाही, आणि मी घरी राहिले. श्रावणात शेजारच्या वाडीतल्या पोरी कोऱ्या सायकली हातात धरून, ढकलत ढकलत आमच्या रस्त्यानं गेल्या, कारण चालवायला अजून कुणालाच येत नव्हतं. मी शेतातून बघत होते. हातात खुरपं होतं.

असो. म्हैसूर.

म्हैसूरला आम्ही ज्या भागात राहतो त्याचं नाव सरस्वतीपुरम. माझं नाव सरस्वती, घरात सरू. फोनवर पत्ता सांगितला तेव्हा अप्पा म्हणाले, "तुझ्या नावानं आधीच गाव बसवून ठिवलंय की." इथं कॉलेजच्या पोरापोरींची वसतिगृहं पुष्कळ, आणि त्यात कलबुर्गी, बिदर, रायचूरकडची लेकरं पुष्कळ. भात आणि रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीचा शिजवलेला गोळा, खाऊन त्यांचं पोट भरत नाही, त्यांना ज्वारीची भाकरी लागते. म्हणून आमच्या गल्लीत महादेवी अक्काची खानावळ. अक्का आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याची. कन्नड तिचं घरचं, मराठी बाजारचं, आणि रागावली की दोन्हीत हैदराबादी हिंदी मिसळते. मी कामाला गेले त्या दिवशी तिनं परात पुढं सरकवली आणि म्हणाली, "थाप बघू." मी थापली. तव्यावर भाकरी टम्म फुगली. मी घाबरून सांगायला लागले की शिक्षण कमी आहे, इकडची कन्नड येत नाही, चूक झाली तर सांगा. अक्का म्हणाली, "भाकरी बोलली की. तू कामून बोलायलीस?"

ती बाई नसती तर माझं काय झालं असतं, हे मी आजही भाकरी थापताना मनात आणते आणि लगेच बाजूला सारते. मला सगळ्याची काळजी वाटते. गॅसचं बटन मी तीनदा बघते. कुलूप ओढून बघते, जिना उतरते, परत चढून ओढून बघते. परक्या गावात राहायचं म्हणजे आपली एक चूकही इथल्या लोकांना दिसता कामा नये, असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं.

आणि चूक तर झालीच. तीही एका शब्दाची.

आमच्याकडं चैत्रा नावाची एक मुलगी जेवायला यायची. मंड्याकडची, इथं विद्यापीठात शिकायला होती. रोज संध्याकाळी जेवणाआधी ती सायकल काढून कुठंतरी जायची. एकदा मी माझ्या तोडक्या कन्नडमध्ये विचारलं, "एल्लिगे?" म्हणजे कुठं? आपली सवयच ती. चैत्रा हसून म्हणाली, "सुम्ने, अक्का," आणि गेली.

मी तिथंच उभी राहिले. आता औराद-बिदरच्या बसमध्ये बसलेल्यांना सांगायला नको, हा शब्द आपण कुठं ऐकलाय. कंडक्टर ओरडतो ना, "ए, सुम्ने कुंद्रू." म्हणजे गप बस. मला तो शब्द तेवढाच माहीत. म्हणजे ही काल आलेली पोरगी मला तोंडावर हसून म्हणाली, गप बस.

आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिला शेंगाची चटणी मोजून वाढली. तिच्या ताटात नेमकी करपलेली भाकरी कशी जायची, ते माझं मलाच ठाऊक. शेवटी ती बिचारी अक्काला विचारायला गेली, सरूअक्का माझ्यावर का रागावली? अक्कानं मला बोलावलं, मी डोळ्यांत पाणी आणून सगळं सांगितलं. अक्का एवढी हसली की तिला ठसका लागला.

"अगं येडे, सुम्ने म्हंजे उगंच. हिकडं तसंच म्हंतेत. काई काम न्हाई, उगंच फिराया जायलेय, असं म्हन्ली ती."

मी म्हणाले, "उगंच कोण जातंय का कुठं?"

अक्काला हसू आवरेना, पण मी मस्करी करत नव्हते. मला खरोखर माहीत नव्हतं की असं जाता येतं. वाडीत कुणी असा निघाला असता तर पहिल्या वळणावरच पकडला गेला असता. कुठं? कामून? आणि 'उगंच' असं उत्तर दिलं असतं तर लोकांनी घरी आणून सोडला असता, डोकं ठिकाणावर नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी चैत्राच्या ताटात मी तीन चमचे चटणी वाढली. ती म्हणाली, "सरूअक्का, तुम्हीपण या." मी म्हणाले, येत नाही चालवायला. ती म्हणाली, मग ते आधी.

विद्यापीठाच्या मैदानावर पहाटे तिनं मला सायकल शिकवली. साडी वर खोचून, सव्वीस वर्षांची दोन लेकरांची आई, मी पडत होते आणि मॉर्निंग वॉकचे आजोबा थांबून सल्ले देत होते. गुडघ्याचं खरचटणं मी मालकांपासून लपवलं. पंधरा दिवसांनी एका सकाळी मागून चैत्राचा आवाज लांबून आला, आणि तेव्हा कळलं की तिनं कधीचीच सोडलीय. शिक्षण संपवून ती गावी गेली तेव्हा ती सायकल मलाच देऊन गेली. निळी, पुढं जाळीची टोपली नाही, पण मागं भक्कम कॅरियर.

सायकल आली तरी उगंच जाणं काही मला जमलं नाही. मी हँडलला एक कापडी पिशवी अडकवायची. कुणी विचारलंच तर भाजीला निघालेय. खानावळीतली पोरं भेटायची, "एल्लिगे अक्का?" आणि माझं तोंड आपोआप म्हणायचं, "सोप्पू आणायला." सोप्पू म्हणजे पालेभाजी. मग खोटं पडायला नको म्हणून मी खरंच मेथीची जुडी घेऊन यायची. पाच वर्षं गेली अशी. अक्का म्हणायची, हिच्या हौसेपायी आमी मेथी खाऊन मेलाव.

यंदा अप्पा पहिल्यांदा म्हैसूरला आले. कोळपणी आटोपली होती, मूग निघायला अवकाश होता, म्हशींपाशी भाऊ होता. दोन गाड्या बदलून ते आले, खांद्यावर माझ्यासाठी नवी काळी घोंगडी घेऊन. आठ दिवस राहिले, आणि आठही दिवस खानावळीच्या मागच्या पडवीत पाय दुमडून बसले. लसूण सोलला. ज्वारी निवडली. तुरीच्या डाळीतले खडे काढले. मी रोज म्हणायचे, अप्पा, राजवाडा बघून येऊ. ते म्हणायचे, "कामून? राजाकडं आपलं काय काम?" पण लसूण सोलता सोलता ते मला बघत असायचे. शंभर भाकरी झाल्या की एकदा मान हलवायचे.

सोमवारी सकाळची त्यांची गाडी होती. शनिवारी दुपारी गर्दी ओसरल्यावर अक्का त्यांच्याशी बोलत बसली. बोलता बोलता म्हणाली, "अण्णा, सरू एवढी हुशार. रोज पेपर वाचती, आता कन्नडबी वाचाया लागली. शाळा कामून सोडली हो तिनं?"

अप्पा लसणाची पाकळी सोलत म्हणाले, "तिला सायकलीची भ्या वाटायची. सहा किलोमीटर सायकल मारायची म्हन्लं की रडायची. मग काय करता."

माझ्या हातातली भाकरी मधोमध चिरली.

मी कधी रडले नव्हते. सायकल माझ्यापर्यंत आलीच नव्हती, तर तिची भीती कुठून वाटणार? पण ह्याआधीही हे मी ऐकलं होतं. माझ्या लग्नात त्यांनी पाहुण्यांना सांगितलं होतं, पंचमीला गेले तेव्हा मामांना सांगत होते. इतक्या वेळा सांगितलं की त्यांचं त्यांनाच ते खरं वाटू लागलं असावं. मी मोठी होऊन, दोन लेकरांची आई होऊन, चारशे पोरांचं पोट भरून, आमच्या सगळ्या गोतावळ्यात अजूनही सायकलीला भिणारी पोरगीच होते. आणि निळी सायकल दारातच उभी होती. अप्पांना ती मालकांची वाटत होती. मीही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की प्रश्न येणार, कामून?

अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी भाकरी परत गोळा करून मळायला घेतली. मनात एकच आलं. उद्याचा एक दिवस आहे. उद्या अप्पा माझ्या मागं कॅरियरवर बसले पाहिजेत. नाही बसले, किंवा बसवून मी पाडले, तर ही भित्री सरू अप्पांबरोबर गावी जाईल आणि कायमची तिथंच राहील.

अडचण एवढीच की मी आजवर मेथीच्या जुडीशिवाय कुणाला सायकलवरून नेलं नव्हतं. अक्कानं अप्पांना तेवढं एकदा लेकरांबरोबर बागेत पिटाळलं, आणि तिनं आणि मी ज्वारीचं पोतं कॅरियरला बांधलं. गल्लीत तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत सायकलीचं तोंड एकीकडं, माझं एकीकडं. तिसऱ्या फेरीत पोतं सरळ बसलं. अक्का म्हणाली, "पोतं गप बसतं. तुझा बाप बसंल का?"

आणि रविवारी सकाळी उठून बघते तर पाऊस. इथं पावसाला मळे म्हणतात. आल्या आल्या मला वाटायचं ही माणसं बागायतीचं बोलतायत, ह्यांच्याकडं एवढे मळे कुठून आले. ती सकाळ बुरबुर पावसाची होती, थांबेल असं न वाटणारी. रविवारी खानावळ दुपारी उघडते, तेव्हा वेळ हाताशी होता, पण रस्ते चकचकीत ओले झाले होते.

मालक म्हणाले, "आज न्हाई जमायचं. म्हाताऱ्याला पाडलीस तर बिदरला काय तोंड दाखवू मी?"

मी म्हणाले, "तुमी नका दाखवू. मी दाखवते."

सवयीनं पिशवी हँडलला अडकवली. अक्का दारात उभी होती, तिनं पुढं येऊन ती काढून घेतली. "मेथी पुरे," एवढंच म्हणाली.

मी गॅसचं बटन बघितलं. एकदाच. मग सायकल अप्पांसमोर उभी केली आणि म्हणाले, "अप्पा, बसा."

"कुठं जायलाव?"

"बसा तर."

"कोण चालवणार?"

"मी."

अप्पा सायकलीकडं बघत राहिले. ब्रेकवर हात फिरवला, मागचं टायर अंगठ्यानं दाबून बघितलं, जसं म्हैस घेताना बघतात. मग आत गेले. मला वाटलं, संपलं. पण ते घोंगडी घेऊन बाहेर आले, तिची खोळ करून डोक्यावर घेतली, धोतराचा सोगा वर खोचला आणि कॅरियरवर दोन्हीकडं पाय टाकून बसले.

"हवा कमी हाय मागं," ते म्हणाले. "चल."

निघताना सायकल हेलकावली. मालक पळत आले, मी म्हणाले, धरू नका. दुसरं पायडल, तिसरं, आणि सायकल सरळ झाली. गल्लीच्या टोकापर्यंत मी श्वास घेतला नाही. पाठीमागं ओल्या लोकरीचा वास येऊ लागला, आमच्या घरातला, आजोबांच्या वेळचा. म्हैसूरच्या रस्त्यावर तो वास मला पहिल्यांदा आला.

आधी तळ्याकाठानं गेलो. पाण्यावर पाऊस पडत होता आणि मोठ्या चोचीचे पांढरे पक्षी झाडावर अंग फुगवून बसले होते. अप्पा म्हणाले, "पण जायलाव कुठं?" थोड्या वेळानं, "काय आणाया निगालीस?" मग म्हणाले, "पिशवी तर घेतली न्हाईस."

तेव्हा मी त्यांना चैत्राची गोष्ट सांगितली. गप बस म्हणाली असं समजून तिला आठ दिवस करपलेल्या भाकरी कशा वाढल्या, ते. अप्पा ऐकत होते, आणि मग कॅरियर हलायला लागलं. मला वाटलं चाक गेलं. मागं वळून बघायची सोय नव्हती. अप्पा हसत होते. "कंडक्टर," एवढंच म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. "सुम्ने कुंद्रू."

"हलू नका अप्पा, पडू."

"तू सुम्ने चालव."

तळं संपल्यावर उतार लागतो, शहराकडं जाणारा. रविवार आणि पाऊस, रस्ता जवळजवळ मोकळा. मी पायडल मारायचं थांबवलं. सायकल आपोआप धावू लागली. दोन्ही बाजूंची मोठी झाडं वरून ठिबकत होती, पाऊस तोंडावर येत होता, चष्म्यातून काहीच दिसत नव्हतं म्हणून मी चष्मा काढून दातांत धरला. आयुष्यात मला कधी कशाची घाई नव्हती असं त्या उतारावर वाटलं. बसस्टॉपच्या छपराखाली लोक दाटीनं उभे होते, छत्र्या, प्लास्टिकच्या पिशव्या डोक्यावर. त्यांच्यासमोरून आम्ही गेलो. साडी खोचलेली बाई, तोंडात चष्मा, मागं काळ्या घोंगडीत म्हातारा. एक बाई बोट दाखवून हसली. मीही हसले, चष्मा पडता पडता राहिला.

राजवाड्याच्या भिंतीला लागून रस्ता आहे, तिथं आलो. अप्पांनी राजवाड्याकडं बघितलंही नसावं. मागून आवाज आला, हसू संपल्यानंतरचा.

"सरू. भ्या तुला न्हवती."

मी पायडल मारत राहिले.

"मला हुती," ते म्हणाले. "सहा किलोमीटर. मदी वढा. रोज सकाळी तू जाणार, अन् सांजंला येईस्तोवर मी वाटंकडं बघत बसणार. बापाची वाट बघून झाली हुती, आता लेकीची. माझ्यानं झालं नस्तं. मग लोकास्नी काय सांगू? माझी भ्या तुज्या नावावर सांगितली."

माझ्या पाठीला बोलले ते. समोरासमोर कधीच बोलले नसते. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, त्यांना माझं. आम्हा दोघांनाही ते बरं होतं. पाऊस तोंडावर होताच. रागाचं म्हणाल तर अठरा वर्षांचा साठलेला होता, आणि तो काढायला मी भिंतीच्या टोकापर्यंत शोधत गेले. पण मला आठवत राहिलं ते गॅसचं बटन. तीनदा बघायचं. माझी लेकरं शाळेतून पाच मिनिटं उशिरा आली तर मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहते. कुणाकडून आलं हे माझ्यात?

मी म्हणाले, "अप्पा, आता कसं वाटायलंय?"

ते म्हणाले, "बरं चालवायलीस. खड्डा बघून चालव."

पुढच्या चौकात पोलिसानं हात केला आणि आम्ही थांबलो. एक पाय मी फुटपाथला टेकवला. रेनकोट घातलेला तरुण पोलीस. डबलसीट चालतं का, काय कागद लागतो का, माझं आधार कार्ड तर पिशवीत राहिलं आणि पिशवी अक्काकडं. तो आमच्याकडं बघत होता. मग वाकून अप्पांना म्हणाला, "इंथा मळेली एल्लिगे, अज्जा?" एवढ्या पावसात कुठं, आजोबा?

माझ्या तोंडात सोप्पू आलंच होतं.

मागून अप्पा म्हणाले, "सुम्ने."

पोलीस एवढा हसला की त्याच्या टोपीवरचं पाणी खाली सांडलं. डाव्या हातानं त्यानं येणारी सिटीबस थांबवली, मागची रिक्षा थांबवली, आणि उजव्या हातानं आम्हाला वाट करून दिली. आमच्यासाठी. बसमधली माणसं काचा पुसून बघत होती. मी चौक ओलांडला तो पाठ ताठ करून.

येताना तोच उतार चढ झाला. निम्म्यावर माझे पाय भरून आले. अप्पा न सांगता उतरले आणि कॅरियरला हात लावून मागून ढकलू लागले. मी म्हणाले, राहू द्या, मी उतरते. ते म्हणाले, "तू उतरू नको. मी हाय." तसा तो चढ आम्ही चढलो, मी पायडल मारत आणि ते ढकलत. वर पोचल्यावर दोघंही धापा टाकत उभे राहिलो. त्यांच्या घोंगडीतून वाफ निघत होती.

खानावळीच्या दारात अक्का आणि मालक छत्री घेऊन उभे होते. अक्कानं विचारलं, "काय अण्णा, काय बघितलं?"

अप्पा म्हणाले, "काई न्हाई. पोरीनं फिरवलं." मग घोंगडी झटकता झटकता, तिच्याकडं न बघता म्हणाले, "काल मी चुकीचं सांगितलो तुमाला. तिला कवाच भ्या न्हवती."

तेवढ्यासाठी मी अठरा वर्षं थांबले होते, हे मला ते ऐकल्यावर कळलं. त्या दुपारी मी दीडशे भाकरी थापल्या आणि एकही चिरली नाही.

सोमवारी गाडी सुटताना ह्या वेळी फलाटावर मी उभी होते आणि खिडकीत ते. मी विचारलं, "कवा येणार?" विचारून झाल्यावर दोघांनाही हसू आलं.

तुम्ही विचारता, तिकडं करमतं का, घराची आठवण येते का. येते. पण पहिल्या वर्षांत यायची तशी नाही. तेव्हा घर म्हणजे मला वाडी, माय, चुलीपुढची जागा वाटायचं, आणि इथलं सगळं म्हणजे नुसतं राहणं. आता मला वाटतं, जिथून निघताना कुणीतरी कुठं म्हणून विचारतं आणि यायला उशीर झाला तर वाटेकडं बघतं, ते घर. तशी माझी दोन झाली. आणि तिथून 'उगंच' म्हणून निघता आलं की घर पुरतं आपलं झालं. हे मला वाडीत शिकता आलं नाही, इथं आल्यावर आलं. त्यासाठी अक्काचे, चैत्राचे, त्या पोलिसाचे उपकार मी विसरणार नाही. सायकल चालवायला न येणाऱ्या जेवढ्या जणी आहेत त्यांनी म्हैसूरला यावं. मैदान आहे, सायकल आहे, आणि पडल्यावर सल्ला द्यायला आजोबाही आहेत.

परवा मायचा फोन आला. घाबरलेली होती. मागं पत्र्यावर पावसाचा आवाज येत होता.

"सरू, तुज्या अप्पाला काय झालंय गं? भर पावसात सायकल काढून गेलाय. मूग भिजायलाय, अन् ह्यो सायकलीवर. इचारलं, कुठं जायलाव? तर म्हन्ला, सुम्नेला. मी सगळ्यास्नी इचारलं, कुणालाच ठावं न्हाई. कंच्या तालुक्यात येतं गं हे सुम्ने?"

मी हातातली भाकरी परातीत ठेवली.

"लांब हाय का?" माय म्हणाली.

"न्हाई माय," मी म्हणाले. "मला पोचायला अठरा वर्सं लागली. अप्पाला जवळ पडंल."